मालक, सीईओ आणि जाहीर भूमिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपन्यांच्या प्रमुखांची निवेदनं लिहून देणं, त्यांनी लिहिलेली तपासणं आणि कधीकधी "हे आज नको" असं सांगणं, हे माझं रोजचं काम. खालचे प्रश्न मला बैठकीनंतर जिन्यात, गाडीत आणि बऱ्याचदा रात्री अकरानंतर फोनवर विचारले गेले आहेत. उत्तरांतली मतं माझी आहेत. नावानिशी दिलेल्या घटना मात्र सगळ्या जाहीर आहेत.

धंदा करणाऱ्याने धंदा करावा. मतं मांडायचीच कशाला?

विचारणारा प्रामाणिकपणे विचारतो. पण न बोलणारा धंदा मूल्यांशिवाय चालतो असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि ते खरं नाही. कोणाला नोकरी द्यायची, काय विकायचं नाही, सुट्टी कधी द्यायची, छोट्या पुरवठादाराचं बिल किती दिवस लटकवायचं, यातून तुमची मूल्यं रोज दिसतच असतात. ती शब्दांत मांडायची की नाही, एवढंच ठरवायचं उरतं.

अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या रेस्टॉरंट साखळीचे संस्थापक ट्रुएट कॅथी यांनी १९४६ पासून, श्रद्धेपोटी, रविवारी धंदा बंद ठेवला. गल्ला बुडायचा तो त्यांचाच, त्यामुळे पटो न पटो, लोकांनी ते चालवून घेतलं. २०१२ मध्ये त्यांचे चिरंजीव डॅन कॅथी समलिंगी विवाहाच्या विरोधात बोलले आणि बहिष्काराची हाक दिली गेली. १ ऑगस्टला समर्थकांनीही दुकानांबाहेर रांगा लावल्या. श्रद्धा दोन्ही वेळा तीच होती. पण पहिलं मूल्य स्वतःच्या वागण्याबद्दल होतं आणि दुसरं इतरांनी कसं जगावं याबद्दल. या दुसऱ्या प्रकारचं काही बोलणार असाल, तर ज्यांच्या आयुष्याबद्दल तुम्ही बोलताय ते उत्तर देणारच. त्याला गैरसमज म्हणू नका.

कोणत्या विषयावर बोलावं, हे कसं ठरवायचं?

मी समोरच्याला एकच विचारते: या मतापायी तुम्ही आजवर काय सोडलंत, किंवा उद्या काय सोडायला तयार आहात? उत्तर आलं तर आपण मसुदा लिहायला बसतो. नाही आलं, तर विषय चांगला असूनही बोलायची वेळ आलेली नाही असं मी धरते.

एड स्टॅक यांचं उदाहरण मी नेहमी देते. डिक्स स्पोर्टिंग गुड्स ही खेळसाहित्याची कंपनी त्यांच्या वडिलांनी १९४८ मध्ये सुरू केली. तिथे बंदुकाही विकल्या जायच्या. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, १७ जण गेले. हल्लेखोराने आधी केव्हातरी याच कंपनीकडून एक बंदूक घेतल्याचं स्टॅक यांच्या लोकांना नोंदींत सापडलं. हल्ल्यात वापरलेली बंदूक ती नव्हती. नियम पाळून विकली होती, असं सांगून हात झटकता आले असते. २८ फेब्रुवारीला स्टॅक यांनी जाहीर केलं की लष्करी धाटणीच्या रायफली आता आमच्या कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत आणि २१ वर्षांखालच्या कोणालाही बंदूक विकणार नाही. उरलेल्या रायफली दुसऱ्या कोणाला विकून पैसे सोडवण्याऐवजी त्या नष्ट केल्या. तो माल सुमारे ५० लाख डॉलरचा होता. विक्रीतला फटका स्टॅक यांनी स्वतःच सुमारे २५ कोटी डॉलर सांगितला. काही कर्मचारी सोडून गेले, चिडलेले ग्राहक गेले.

या निर्णयाशी सहमत नसलेले खूप जण आहेत. पण हा माणूस नुसता बोलतोय, असं त्याच्या विरोधकालाही म्हणता आलं नाही. लोक आधी हेच तपासतात. मताची बरोबर-चूक नंतर येते.

माझं खातं वैयक्तिक आहे. वर "मतं माझी स्वतःची" असं लिहिलंय. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. ती ओळ वाचतं कोण? स्क्रीनशॉटमध्ये ती येतच नाही, नाव आणि पद तेवढं येतं.

ब्रेंडन आइक यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या प्रस्तावाच्या मोहिमेला १,००० डॉलर दिले. पैसे स्वतःचे होते, मत स्वतःचं होतं. मार्च २०१४ मध्ये ते फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे सीईओ झाले, ती जुनी देणगी पुन्हा चर्चेत आली आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांनी पद सोडलं. हे योग्य झालं की अयोग्य, यावर आजही वाद आहे. मला स्वतःला ती घटना अस्वस्थ करते, कारण खासगी मत कुठे संपतं आणि पद कुठे सुरू होतं याची रेष त्या दिवसांत कोणीच नीट आखली नाही. पण तुम्ही आज पद घेताय, तर गेल्या दहा वर्षांतलं तुमचं सगळं बोलणं, देणं आणि सही करणं त्या पदासोबत येतं, हे धरून चाला.

मी मालक नाही, नेमलेला सीईओ आहे. मला किती मोकळीक?

मालकापेक्षा कमी, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. नुकसान झालं तर ज्यांच्या पैशाने झालं, त्यांना आधी विचारायला हवं.

मर्क या औषध कंपनीचे केनेथ फ्रेझियर यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये, शार्लट्सव्हिल या अमेरिकी शहरात गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचारानंतर, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या उद्योग सल्लागार परिषदेचा राजीनामा दिला. तासाभरात ट्रम्प यांनी ट्विटरवरून त्यांच्यावर टीका केली. पुढच्या दोन दिवसांत आणखी उद्योगप्रमुख बाहेर पडले आणि परिषदच गुंडाळली गेली. लोकांना यातलं धाडस आठवतं. मला त्यांच्या निवेदनातला एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. मर्कचा सीईओ म्हणून आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून, अशी दोन्ही नाती त्यांनी एकाच वाक्यात सांगितली. कोणत्या भूमिकेतून बोलतोय हे संदिग्ध ठेवलं नाही. तुमच्या मसुद्यात हे वाक्य लिहिता येत नसेल, तर संचालक मंडळाशी बोलणं अजून बाकी आहे असं समजा.

उलट बाजूही बघा. डॅनोन या फ्रेंच कंपनीचे एमान्युएल फाबेर पर्यावरण आणि समाज या विषयांवर मोकळेपणाने बोलायचे. जून २०२० मध्ये भागधारकांनी कंपनीला सामाजिक ध्येय असलेल्या कंपनीचा कायदेशीर दर्जा देण्याच्या बाजूने जवळजवळ एकमताने मतदान केलं. मार्च २०२१ मध्ये काही गुंतवणूकदारांनी निकालांवर बोट ठेवलं आणि संचालक मंडळाने फाबेर यांना पदावरून दूर केलं. भागधारकांच्या टाळ्या चांगल्या तिमाहीपुरत्या असू शकतात.

आमच्या लोकांना आधी सांगायला हवं का?

हो. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या प्रमुखांनी एका सामाजिक प्रश्नावर पोस्ट लिहिली. मी रात्री दोनदा वाचली, शब्द इकडचे तिकडे केले, सकाळी साडेआठला ती गेली. अकरा वाजता मी त्यांच्या ग्राहक सेवा विभागात गेले. तिथे एक मुलगी फोन घेत होती. तिच्यासमोर वहीचं एक पान होतं, मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे 'चौकशी', उजवीकडे काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसत्या खुणा होत्या: चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, अशा ओळीच्या ओळी. उजवी बाजू पानाच्या तळापर्यंत भरली होती. त्या शिव्या होत्या. तिने हेडफोन कानावरून खाली घेतला आणि मला विचारलं, "मॅडम, साहेबांनी जे लिहिलंय ते मी समोरच्याला समजावून सांगायचंय, की त्याबद्दल बोलायचंच नाहीये?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोस्टमधल्या एकेका स्वल्पविरामाचा विचार मी केला होता, फोन कोण उचलणार याचा केला नव्हता. ती चूक माझी.

तेव्हापासून माझा आग्रह असतो की पोस्टच्या आधी फोन घेणाऱ्यांना, दुकानात उभं राहणाऱ्यांना, गाडीवरून माल पोचवणाऱ्यांना चार ओळी मिळाल्या पाहिजेत: साहेब काय म्हणणार आहेत, का म्हणणार आहेत, कोणी विचारलं तर काय सांगायचं, आणि शिवीगाळ झाली तर फोन ठेवायची पूर्ण मुभा आहे. शेवटची ओळ कागदावर, सहीनिशी. तोंडी मुभा कोणी वापरत नाही, नोकरीची भीती असते.

स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्झ यांचा हेतू चांगला होता. मार्च २०१५ मध्ये त्यांनी वंशभेदावर देशभर संवाद घडवायचं ठरवलं, आणि कॉफी बनवणाऱ्या मुलांनी कपावर 'रेस टुगेदर' लिहून ग्राहकाशी बोलणं सुरू करावं असं सुचवलं. प्रश्न खरा होता. पण समाजाला शेकडो वर्षं न सुटलेला विषय, घाईतल्या ग्राहकापुढे, तासाच्या पगारावर काम करणाऱ्या मुलाने काढायचा? आठवड्याभरात कपावर लिहिणं थांबवावं लागलं. मत प्रमुखाचं असेल तर ते बोलायचा भारही प्रमुखाने उचलावा.

अंतर्गत बैठकीत आपल्याच लोकांशी बोललो, तेही बाहेर गेलं. आता?

'अंतर्गत' हा शब्द आता विसरा. एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन कर्मचाऱ्यांशी बोलताना आठवड्याला ९० तास आणि रविवारी काम याबद्दल जे बोलले, ते जानेवारी २०२५ मध्ये घरोघरच्या मोबाइलवर पोचलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी ७० तास काम करावं असं म्हटलं, ते तर उघडच मुलाखतीत होतं. दोघांचे अनुभव कष्टाचे आहेत, त्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याचं कामाच्या तासांबद्दलचं मत कर्मचाऱ्याच्या कानापर्यंत हुकूम होऊनच पोचतं. स्वतः किती तास राबलात ते जरूर सांगा. दुसऱ्याने किती राबावं, हे सांगताना शंभरदा विचार करा.

टीका सुरू झाली. पहिल्या दिवसात काय करायचं?

फोन हातातून खाली ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी प्रतिक्रिया वाचायला सांगा. स्वतः वाचत बसलात की सगळ्यात घाण प्रतिक्रियेला उत्तर द्यावंसं वाटतं, आणि तेच उत्तर पुढची बातमी होते.

वाचणाऱ्याने गठ्ठे करावेत. तुमच्या बोलण्याने खरोखर दुखावलेले लोक, मत न पटलेले ग्राहक, चुकीची माहिती मिळालेले, आणि तुमच्याशी कधीच काही संबंध नसलेले. चौथा गठ्ठा संख्येने सगळ्यात मोठा दिसतो आणि त्याला उत्तर द्यायची गरज सगळ्यात कमी असते. पहिला बहुतेक वेळा छोटा असतो. त्यातल्यांना शक्य असेल तर फोन करा, तोही स्वतः.

तिसऱ्याबाबत ढिलाई नको. चोबानी या दही बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक हमदी उलुकाया निर्वासितांना नोकऱ्या देतात आणि त्याबद्दल उघड बोलतात. यावरून त्यांच्यावर झालेली टीका त्यांनी सोसली. पण कटकारस्थानांच्या कहाण्या पसरवणारे अमेरिकी निवेदक अॅलेक्स जोन्स यांच्या वाहिनीने कंपनीचा संबंध गुन्ह्यांशी जोडणारा खोटा मजकूर पसरवला, तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये चोबानीने दावा लावला. मे महिन्यात जोन्स यांना ते विधान मागे घ्यावं लागलं. मतभेद सहन करायचा असतो, धडधडीत खोटं नाही.

आधी ठरवून ठेवलेल्या जाहिराती त्या दिवसापुरत्या थांबवा. पोस्ट गुपचूप पुसू नका. धमक्या येत असतील, विशेषतः घरच्यांना किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव घेऊन, तर ताबडतोब पोलिसांत जा. पुरावे म्हणून सगळं जपून ठेवा. "होईल शांत" म्हणत बसू नका.

माफी मागायची का?

चुकलं असेल तर मागा. चुकलं नसेल तर मागू नका. मधला रस्ता म्हणून एक वाक्य ठरलेलं आहे, ते तुम्हीही शेकडो वेळा वाचलं असेल: "आमच्या वक्तव्याने कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत."

हे वाक्य उलगडून बघा. 'दुखावल्या गेल्या', म्हणजे दुखावल्या कोणी ते गायब. 'असल्यास', म्हणजे दुखावल्या की नाही यावरच शंका. 'कोणाच्या', म्हणजे समोर उभ्या माणसाचं नावही घ्यायचं नाही. 'आम्ही', म्हणजे बोलला एक आणि माफी मागायला अख्खी कंपनी. दुखावलेल्याला यातून काही मिळत नाही आणि तुमच्या बाजूचे म्हणतात, कणा नाही. मी हे वाक्य कोणालाही लिहून देत नाही. त्याऐवजी: मी अमुक म्हणालो. ते चूक होतं, कारण अमुक. त्याचा त्रास यांना झाला. आता मी हे करतोय. चार वाक्यं, आणि जबाबदारी घेणारा 'मी'.

सप्टेंबर २०१३ मध्ये इटलीच्या बरिला पास्ता कंपनीचे अध्यक्ष ग्विदो बरिला रेडिओवर म्हणाले की समलिंगी कुटुंब आम्ही जाहिरातीत दाखवणार नाही, न आवडल्यास लोकांनी दुसरा पास्ता घ्यावा. बहिष्कार सुरू झाला. त्यांनी व्हिडिओत माफी मागितली आणि इथे आपल्याला अजून पुष्कळ शिकायचंय हे कबूल केलं. मग बाहेरच्या जाणकारांना घेऊन सल्लागार मंडळ नेमलं, कंपनीतले नियम बदलले. पुढच्याच वर्षी समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या संघटनेने कंपनीला पैकीच्या पैकी गुण दिले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुलुलेमन या कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक चिप विल्सन यांनी कापडाच्या तक्रारींचं खापर काही स्त्रियांच्या शरीरांवर फोडलं. नंतरच्या व्हिडिओत त्यांनी मुख्यतः आपल्या कर्मचाऱ्यांची माफी मागितली. ज्या बायकांबद्दल बोलले होते, त्यांना ती मिळालीच नाही. डिसेंबरमध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं.

मागे घेतलं तर वाद संपतो का?

का मागे घेतलं, यावर आहे. २०२३ मध्ये बड लाइट बिअरने एका ट्रान्सजेंडर कलाकारासोबत छोटी प्रसिद्धी केली, विरोध झाला, आणि कंपनीच्या प्रमुखांनी असं गुळमुळीत निवेदन काढलं की भूमिका काय आहे तेच कळेना. विरोधक परतले नाहीत आणि ज्यांना पाठिंबा द्यायचा होता तेही दुरावले.

याच्या शेजारी झोमॅटोचे दीपिंदर गोयल ठेवा. जुलै २०१९ मध्ये माल पोचवणाऱ्याच्या धर्मावरून एका ग्राहकाने ऑर्डर रद्द केली, तेव्हा आमच्या मूल्यांच्या आड येणारा धंदा गेला तरी खेद नाही, असं ते उघडपणे म्हणाले आणि त्यावर ठाम राहिले. मार्च २०२४ मध्ये मात्र शाकाहारी ऑर्डरसाठी वेगळ्या हिरव्या गणवेशाची त्यांची योजना आली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंगाचा भाग मागे घेतला. कारणही स्पष्ट दिलं: नेहमीच्या लाल गणवेशातल्या मुलांकडे मांसाहारी जेवण आहे असं समजून त्यांना काही ठिकाणी अडवलं जाईल, त्यांच्या सुरक्षेशी खेळ नको. एका वेळी ठाम राहणं आणि एका वेळी माघार, दोन्ही गाडीवर बसलेल्या माणसाकडे बघून. म्हणून मला यात विसंगती दिसत नाही.

बहिष्काराने खरंच विक्री पडते?

कधी पडते, कधी नाही. २०२० मध्ये गोया फूड्स या अमेरिकेतल्या खाद्यपदार्थ कंपनीच्या प्रमुखांनी ट्रम्प यांची स्तुती केली, तेव्हा बहिष्कार आणि मुद्दाम खरेदी दोन्ही मोहिमा एकदम चालल्या आणि थोड्याच दिवसांत ओसरल्या. बड लाइट बिअरचं तसं झालं नाही. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे: दुसरी बाटली त्याच फळीवर असते, आणि हातात कोणती आहे ते मित्रांना दिसतं. तुमचा माल बदलणं किती सोपं आहे, हे आधी बघा.

गप्प राहिलो तर?

चालेल, पण तो नियम आधीपासून आणि सगळ्या विषयांना सारखा हवा. सप्टेंबर २०२० मध्ये कॉइनबेस या क्रिप्टोचलनाच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी लिहून टाकलं की कंपनी तिच्या कामाबाहेरच्या राजकीय-सामाजिक प्रश्नांत पडणार नाही, न पटणाऱ्यांना पैसे देऊन निरोप देऊ. सुमारे ६० जणांनी तो घेतला. मला स्वतःला ती भूमिका पटत नाही, पण लोकांना निवडायची संधी तरी मिळाली. डिस्नीचे तेव्हाचे सीईओ बॉब चापेक २०२२ मध्ये, शाळांत लैंगिक ओळखीबद्दल शिकवण्यावर मर्यादा घालणाऱ्या फ्लोरिडातल्या कायद्यावर आधी गप्प राहिले, कर्मचारी चिडल्यावर विरोधात बोलले, आणि मग राज्य सरकारशी संघर्ष ओढवला. उशिरा बोलल्यामुळे गप्प राहण्याची किंमतही गेली आणि बोलण्याचीही.

सगळं शांत झाल्यावर काय करायचं?

बहुतेक जण सुटीवर जातात. आधी ग्राहक सेवा विभागात जा. त्या आठवड्यात किती फोन आले, किती शिव्या होत्या, कोण रडलं, कोणी सोडून जायचं ठरवलंय, हे बसून ऐका. जादा तासांचे पैसे त्याच महिन्याच्या पगारात द्या. वर सांगितलेल्या त्या मुलीच्या वहीचं पान मी त्या प्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. ते बराच वेळ उजवी बाजू मोजत राहिले. दुपारी ते खाली गेले, तिच्या शेजारची खुर्ची ओढली, दुसरा हेडफोन कानाला लावला आणि पुढचा फोन त्यांनी घेतला.